तलवार डाव्या हातात

१२ फेब्रुवारी

दादा,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण माझे गुडघे आता साष्टांगाला राजी नाहीत, तेव्हा नुसता नमस्कार. पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही, आणि मला तुझ्याकडून काही नको आहे. हे शेवटचं खरं नाही, पण ते पुढे बघू.

फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू एकदा ‘हं’ म्हणतोस, मग आणखी एकदा ‘हं’ म्हणतोस, आणि मग कुणाची तरी कवळी घासायची राहिली आहे म्हणून ठेवून देतोस. जगाच्या तोंडात दात बसवणारा माणूस, स्वतःचं तोंड मात्र उघडत नाही. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं तरी लागतं.

तर झालं असं. दुकानाच्या भिंतींना रंग द्यायचा ठरला आणि त्यासाठी शिपाईआजोबांचं चित्र खाली काढावं लागलं. हो, काढलं. बाबा असते तर रंगाऱ्यालाच खाली काढलं असतं. तुला आठवतच असेल, ते चित्राला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत, काठीला पिसं बांधून लांबूनच झटकायचे. काचेवर वार्निशच्या वाफांची इतकी पिवळी पुटं चढली होती की आत माणूस आहे हे आपल्याला ठाऊक म्हणून दिसायचा. टेबलावर ठेवताना काच तडकली. मी मनात म्हटलं, बरं झालं, आता आजोबांना वारा लागेल.

दादा, तांब्यावर कोरून कागदावर छापलेलं, काय काम आहे रे ते! मी पोटासाठी पितळ कोरते, पण अशी रेघ मला सात जन्मांत जमणार नाही. मिशीचा एकेक केस वेगळा. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, छातीवर उजवीकडे पदक, उजव्या कमरेला रिकामं म्यान, आणि डाव्या हातात ती तलवार. खाली नाव आणि पलटण, मोहरीएवढ्या अक्षरात.

तेवढ्यात आमचे शिंपीबुवा शेजारच्या दुकानातून चहाला आले. तू गेलास तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं, म्हणून सांगते, माझा नवरा हा शांत प्राणी आहे. गळ्यात टेप, कानावर खडू, तोंडात टाचण्या. टाचण्यांमुळे बोलतच नाही, आणि त्यामुळेच आमचा संसार टिकला असं माझं मत आहे. त्यांनी टाचण्या काढल्या, चित्रावर वाकले आणि म्हणाले, “हा कोट बाईचा आहे.”

मी म्हटलं, “तोंड सांभाळा, आमचे खापरपणजोबा आहेत ते.”

“असतील. पण काजं बघ कुठल्या बाजूला आहेत. पुरुषाच्या कोटाला काजं डावीकडे असतात, बटणं उजवीकडे. इथे उलटं आहे. तीस वर्षं कोट शिवतोय मी. शिपाईगड्याला असा कोट शिवून दिला, तर तो आधी शिंप्याचंच मुंडकं उडवेल.”

मी हसले, ते चहा पिऊन गेले. आणि जेवताना माझा घास हातातच राहिला. उठले, कपाटातला हातआरसा आणला आणि चित्रासमोर धरला.

आरशात काजं डावीकडे आली. पदक डाव्या छातीवर आलं, जिथे ते सगळ्या जगात लावतात. म्यान डाव्या कमरेला. आणि तलवार उजव्या हातात.

तुला उलगडून सांगायला नकोच, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ज्यानं तांब्यावर चेहरा कोरला, त्यानं समोर दिसलं तसंच्या तसं कोरलं. कागदावर ठसा उमटला तो उलटा. अक्षरं कोरणारा दुसरा कुणी असणार, अक्षरं उलटी कोरायची असतात हे त्याला पक्कं माहीत, म्हणून नाव तेवढं सुलट आलं. नाव सुलट वाचता येतं, मग वरच्या माणसावर कोण शंका घेणार? आपल्या तीन पिढ्या शिक्के कोरून जगल्या. उलटं कोरायचं आणि सुलट उमटवायचं, ह्याच्यावर आपली पोटं भरली. आणि डोक्यावर टांगलेला म्हातारा उलटा आहे, हे आपल्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही! शेवटी शिंपी लागला.

शिपाईआजोबा उजव्या हाताचे होते, दादा. तुझ्यासारखे.

तुझी,
बुटकी

२ मार्च

दादा,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी पोस्टमन दिसला की मी आपली दारात, आणि तो आता मला बघून रस्ता ओलांडतो.

मागच्या पत्राचा शेवट मी असा केला, जणू काही मोठी आनंदाची बातमीच कळवत होते. नंतर विचार केला, की तुला वाचून काय वाटलं असेल. दीड वर्ष तुझा उजवा हात कमरेशी बांधून ठेवला होता, मऊ फडक्याच्या पट्टीनं, जेवताना आणि पाटीवर लिहिताना. ‘शिपायाचं रक्त आहे, डाव्या हातात उतरायलाच हवं,’ असं बाबा म्हणायचे. आणि ते सगळं एका कोरणाऱ्याच्या हलगर्जीपणापायी. मला इतकं वाईट वाटलं की मी दोन दिवस चित्राकडे पाठ करून काम केलं.

मग उठले आणि आत्याकडे गेले. आत्या शहाऐंशीची झाली. एक कान गेलाय आणि दुसरा सोयीप्रमाणे ऐकतो, पण आठवण अजून सुईसारखी. मी आरशाची गोष्ट सांगितली. वाटलं होतं, धक्का बसेल. ती खो खो हसत सुटली. डोळे पुसत म्हणाली, “म्हणजे तुझ्या बाबाचा हात फुकटच बांधला म्हणायचा!”

“बाबांचा नाही गं, दादाचा.”

“तुझ्या दादाचा तुझ्या बाबानं बांधला. तुझ्या बाबाचा आमच्या आजोबांनी बांधला होता. चांगले दोन उन्हाळे. रडून रडून नुसता लाल व्हायचा पोरगा.”

“म्हणजे बाबा मुळात डावखुरे नव्हते?”

“कुठला डावखुरा! पण बोलायची सोय होती का कुणाची? वळण लागलं, सगळ्यांनी कौतुक केलं, झालं. पुढे तोसुद्धा विसरला असेल.”

मला नाही वाटत विसरले असतील. तुला आठवतं का, बरणीचं घट्ट झाकण असलं की बाबा उजव्या हातानं पिळायचे, आणि आपण बघतोय असं दिसलं की म्हणायचे, ‘डावा दमलाय जरा’? मला ते तेव्हा गमतीचं वाटायचं. जन्मभर ते उसन्या हातानं कोरत बसले, आणि पुन्हा तेच तुझ्यावर लादलं, तेही मायेनं. त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही. त्यांना आणि तुला एकदम समोर बसवून दोघांना वाढावंसं वाटलं.

मला काय हवंय ते आता लिहूनच टाकते. तू घरी यावंस. नुसता पाहुणा म्हणून नाही, खिडकीजवळच्या बाकावर बसून माझ्यासमोर एक तरी शिक्का कोरावास. त्या बाकावर तुझा हक्क होता. एवढंच.

बुटकी

२१ मार्च

दादा,

तुझं कार्ड आलं! “काच लवकर बदल. कागदाला ओल लागेल.” चौतीस वर्षांत तुझ्याकडून इतकं लांबलचक काही आलं नव्हतं. शिंपीबुवांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, “प्रेमळ आहे हो तुझा भाऊ.” थट्टा करतात की खरंच म्हणतात, हे टाचण्यांमुळे कळत नाही.

काच बदलली. आजोबांना परत जागेवर टांगलं. उलटे तर उलटे, घरचेच आहेत.

आता ऐक. काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून सहज उजव्या हातात कोरणी धरून बाकावर बसले. पितळेचा तुकडा पकडीत लावला आणि रेघ ओढायला गेले तर काही दिसेना. माझ्याच हाताची सावली कामावर! खिडकी उजवीकडे, हातही उजवा, मग टोकाशी अंधारच पडणार. डाव्यानं कोरलं की लख्ख दिसतं. तो बाक पणजोबांपासून डावऱ्यांसाठी मांडलेला. आणि पट्टी सुटल्यावर तू उजव्या हातानं जे काही त्या बाकावर कोरलंस, ते सगळं स्वतःच्या सावलीत चाचपडत कोरलंस. बाबा तू कोरलेली पितळेची पट्टी उन्हाकडे धरून म्हणायचे, ‘ह्याच्या हाताला उजेडच नाही.’ मला ते वाक्य त्यांच्या सुरासकट आठवतं. नंतर तुला घासकाम आणि वार्निश, आणि मला कोरण्यांची पेटी.

हाताला उजेड होता रे तुझ्या. खिडकी चुकीच्या बाजूला होती.

शिंपीबुवांना हाक मारली. आम्ही दोघांनी मिळून बाक उचलून समोरच्या भिंतीला लावला. त्यांची कंबर धरली आणि माझी चप्पल तुटली, पण बाक लागला. आता उजेड डावीकडून येतो. मला सध्या एकेका अक्षराला मान वाकडी करावी लागते, काल एका शाळेच्या शिक्क्यावर ‘मुख्याध्यापक’ कोरताना तर पार मेटाकुटीला आले. तरी तो परत हलवणार नाही. बाक तुझी वाट बघतोय असं लिहिलं असतं, पण बाक कसली वाट बघणार. मी बघतेय.

अजून एक सांगायचं आहे. आज नाही. आज मी फार खुशीत आहे आणि ते सांगितलं की नसेन.

बुटकी

ता.क. उजव्या हातानं ओढलेली ती रेघ बरी आली. बरी म्हणजे चांगलीच.

४ एप्रिल

दादा,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. शिंपीबुवा म्हणाले, “एवढे कपडे मी महिन्यात फाडत नाही.”

मी डावखुरी नाही.

आता लिहिलंय तर पुढचंही लिहिते. मी पाच वर्षांची होते, तू अकरा. सकाळची वेळ, टेबलावर दूध-पाव. तू माझ्यासमोर बसला होतास, हात बांधलेला, डाव्या हातातल्या चमच्यातून दूध सांडत होतं आणि तू रडत नव्हतास. तू रडत नव्हतास त्याचीच मला जास्त भीती वाटली. मला वाटलं, आता माझी पाळी. बाबा आतल्या खोलीतून येताना ऐकू आले. माझा चमचा उजव्या हातात होता. मी तो डाव्यात घेतला.

बाबा दारात थबकले. मला म्हणाले, “बघू, बघू, परत एकदा घे.” मी परत एक चमचा घेतला. त्यांनी मला उचलून चित्राखाली नेलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी तुझी पट्टी सोडली. “आता गरज नाही,” म्हणाले. मी मनात म्हटलं, बघा, मी दादाला सोडवलं. तुझं तोंड का उतरलं ते मला कळलं नाही. ते कळायला मला फार वर्षं लागली.

त्यानंतर मी पहाटे अंथरुणात डाव्या हातानं हवेत अक्षरं गिरवायचे. वर्षभरात हात खरंच बसला. पुढे तर सवयीचाच झाला, मला तो आवडायलाही लागला. हे कामही मला मनापासून आवडतं, खोटं कशाला बोलू. माझं आयुष्य चांगलं गेलंय, दादा. पण ज्या दिवशी बाबांनी सगळ्यांदेखत पेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘शिपायाचा हात हिला आला,’ त्या दिवशी मी वीस वर्षांची होते, कुक्कुलं बाळ नव्हते. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. मला पेटी हवी होती. आठ दिवसांनी तू निघून गेलास.

आरशाचं निमित्त मिळालं म्हणून मी ही पत्रं लिहायला घेतली. चूक कोरणाऱ्याची, चूक पणजोबांची, चूक खिडकीची, असं करत करत आपली चूक कुठेतरी दडपता येईल असं वाटलं. येत नाही.

आता तू आला नाहीस तर मी समजून घेईन. म्हणजे समजून घेणार नाही, चिक्कार रडेन, पण तुला बोल लावणार नाही.

तुझी,
बहीण

१५ मे

दादा, दादा,

सहा आठवडे! सहा आठवडे मी पोस्टमनसमोर कसनुसं हसत होते. शेवटी आज सकाळी त्यानंच लांबून पाकीट हलवून दाखवलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. मी ते दुकानात उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग शिंपीबुवांना वाचून दाखवायला गेले आणि दुसऱ्या पानावर कागद त्यांच्याच हातात दिले. पुढचं त्यांनीच मोठ्यानं वाचलं, टाचण्या काढून.

तुला माहीत होतं.

तू समोरच बसला होतास, तू चमचा बघितलास. एवढी साधी गोष्ट, आणि एकोणपन्नास वर्षांत माझ्या मनात आली नाही. मला फक्त बाबांचे डोळे दिसत होते. तू लिहितोस, पुढे कित्येक वर्षं मी विसरून उजवा हात पुढे केला की तू टेबलाखालून माझ्या पायावर पाय मारायचास. मेल्या, मी आजवर सगळ्यांना सांगत आले की माझा भाऊ लहानपणी फार द्वाड होता, जेवताना लाथा घालायचा!

“घरात एक बांधलेला हात पुरे होता,” असं तू लिहिलंयस. ते वाक्य वाचून शिंपीबुवा खुर्चीवर बसले आणि बराच वेळ टेप गुंडाळत राहिले. मी काय केलं ते लिहीत नाही. एवढंच सांगते, अकरा वर्षांच्या पोरानं हे एकट्यानं पोटात ठेवलं, आणि सव्विसाव्या वर्षी सगळ्यांदेखत त्याचा पाणउतारा झाला तेव्हाही तोंडातून काढलं नाही. एका शब्दानं पेटी तुला मिळाली असती. मी ह्याला काय म्हणू? आभार मानायला मला लाज वाटते. तरी मानते.

आणि तिसऱ्या पानावर तू लिहिलंस की तुला राग होता. पेटीचा नाही, चमच्याचा नाही. तू निघालास त्या सकाळी आत्या दारात आली होती, शेजारी आले होते, बाबासुद्धा पाठमोरे का होईना ओट्यावर उभे होते, आणि मी नव्हते. तू लिहितोस, “मला वाटलं, तुला पेटी मिळाली, आता भावाचं काम संपलं.”

मी मागच्या खोलीत होते, दादा. दाराला पाठ लावून जमिनीवर बसले होते. बाहेर आले असते तर तुझ्याकडे बघावं लागलं असतं आणि सगळं तोंडातून बाहेर पडलं असतं. मी सगळं ऐकलं. तू चपला घातल्यास आणि थांबलास. पायरी उतरलास आणि परत थांबलास. दोन्ही वेळा मला कळत होतं की तू कशासाठी थांबलायस. मी उठले नाही. त्याची मला क्षमा कर. बाकीच्यासाठी तू मागू दिली नाहीस, निदान ह्याच्यासाठी मागू दे.

पत्राच्या शेवटी, अगदी कोपऱ्यात, कुणाला दिसू नये अशा अक्षरात तू लिहिलंयस, “रविवारी येतो.” कोणत्या गाडीनं ते लिहिलं नाहीस. तुझं सगळं असंच. शिंपीबुवा म्हणाले, “फोन करून विचार की.” मी नाही विचारणार. तू ‘हं’ म्हणशील आणि विचार बदलशील.

रविवारी इकडे दोन गाड्या येतात, सकाळी साडेनऊची आणि दुपारी पावणेतीनची.

मी दोन्ही गाड्यांना येते आहे.

बुटकी